अम्मींचं अत्तर

अत्तराचं नाव काढलं की माझं डोकं अजून उठतं. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे अम्मींनी, घरात एवढं अत्तर ओतलं की चहालासुद्धा गुलाबाचा वास यायचा. "अम्मी, बस की आता! मयताला लावत न्हाईत एवढं लावताय!" असं मी तोंडावर म्हणायची. तोंड माझं पहिल्यापासून फटकळ.

आमचं घर भिगवणचं, धंदा मासळीचा. अम्मींचा उभा जन्म चिलापी साफ करण्यात गेला, आणि घरातली मासळी अजूनही त्याच साफ करतात. पण पूर्वी बाहेर निघायचं म्हटलं की लिंबाची साल आणि बेसन लावून हात कोपरापर्यंत घासणार, आणि मग मनगटाला अत्तराचं एक बोट. एकच. त्या एका बोटाचा काय तोरा असायचा!

एक दिवस चुलीवरचं दूध खाली लागलं. जळका वास पार अंगणात आला, आणि अम्मी शेजारीच तसबीहचे मणी ओढत बसलेल्या. "नाक कुठं गहाण ठेवलंय?" मी ओरडले. तर म्हणाल्या, "पोरी, मला कशाचाच वास येत न्हाय." बारामतीच्या डॉक्टरांनी नाकात बत्ती मारून बघितलं आणि वयाचं आहे, आता असंच चालायचं, म्हणून वाटेला लावलं.

मला वाटलं, वासच ना! डोळे गेलेत का कान गेलेत? पण बाई खचलीच. जेवण निम्म्यावर आलं. कालवण कितीही झणझणीत करा, "माती खाल्ल्यागत लागतंय." ऊठसूट आंघोळ. पाहुणे आले की मागच्या खोलीत. आणि सारखं एकच, "माझा वास येतोय का गं?" आमचे हे म्हणायचे, "न्हाय", पोरगी म्हणायची, "न्हाय", मीही वैतागून म्हणायची, "न्हाय!" अम्मी मान हलवायच्या आणि पुन्हा बाटली उघडायच्या.

पुढं माझ्या पोरीचा निका ठरला, बारामतीला. अम्मी म्हणाल्या, "तुमी जावा. मी न्हाय येत." पोरीनं रडून डोळे सुजवले. माझं टाळकंच फिरलं. "का न्हाय येत? कोण खातंय तुमाला तितं?"

"माझ्या सासूच्या अंगाला म्हातारपणी मासळीचा वास यायचा," त्या म्हणाल्या. "लग्नात बायका तिच्याजवळनं उठून दुसरीकडं बसायच्या. ती विचारायची, तर सगळी न्हाय म्हणायची. मी बी न्हायच म्हणायची. आता तुमी मला म्हणताय."

मी त्यांच्या मानेपाशी नाक नेलं तर अत्तरानं ठसकाच लागला. "आधी हे सगळं धुऊन या, मग सांगते!" आंघोळ करून आल्या. मी मान हुंगली, हात हुंगले.

"येतोय," मी म्हणाले. "मानेला न्हाय, हाताला येतोय. कालच्या चिलापीचा."

मला वाटलं, आता रडतील. तर लिंबाची साल घेऊन मोरीत गेल्या. घासघास घासून आल्या आणि दोन्ही हात माझ्यापुढं धरले. "आता?"

"आता न्हाय."

"खरं?"

"अम्मी, मी तुमचा मुलाहिजा कधी ठेवलाय का?"

हसल्या. कितीतरी महिन्यांनी हसल्या, आणि मलाच रडू फुटलं.

निक्याला बायकांच्या मधोमध बसल्या, मनगटाला एक बोट लावून. तेव्हापासून माझा मात्र जीव खाल्लाय. रोज सकाळी, भाकरी तव्यावर टाकली की यांचे हात माझ्या नाकाखाली. भाकरी करपते, मी करवादते. परवा आमचे हे म्हणाले, "अम्मी, तिला कामं हायेत. मी सांगतो की."

"तू नगं," अम्मी म्हणाल्या. "तुझी माया हाय माझ्यावर."

घ्या! म्हणजे माझी नाही. एवढं करून हे ऐकायचं. मी त्यांचा हात ओढून घेतला आणि हुंगला.