फोटोखालची ओळ

एटापल्लीजवळच्या आमच्या आश्रमशाळेत दरवर्षी एक चिकटवही तयार होते. वर्षभराचे फोटो तिच्यात चिकटवायचे, प्रत्येकाखाली एक ओळ लिहायची आणि आदिवासी प्रकल्प कार्यालयाचे साहेब तपासणीला आले की वही त्यांच्यापुढे ठेवायची. मी रुजू झाले तेव्हा जुन्या वह्या चाळल्या आणि मला जांभया आल्या. 'वृक्षारोपण करताना मान्यवर.' 'भोजनाचा आस्वाद घेताना विद्यार्थिनी.' फोटोत जे धडधडीत दिसतंय तेच खाली पुन्हा लिहिलेलं. वाचणारा काय आंधळा आहे? मी मुळातच फटकळ. बैठकीत हे बोलून गेले आणि अर्थातच ते काम माझ्याच गळ्यात पडलं.

मुलांना मी एकच नियम सांगितला. दिसतं ते लिहायचं नाही, फोटोत जे आलं नाही ते लिहायचं. ही जंगलातल्या गावांमधून आलेली, घरी गोंडी बोलणारी पोरं. मराठीत लिहायचं म्हटलं की पेन्सिल चावत बसायची. म्हटलं, आधी तुमच्या बोलीत एकमेकांना सांगा, मराठीचं मग बघू. त्यानंतर त्यांना आवरणं कठीण झालं. मोहाची फुलं वेचणाऱ्या मुलींच्या फोटोखाली ओळ आली, 'टोपलीत मोह आहे. पहाटे उठवल्याचा राग फोटोत आला नाही.' वृक्षारोपणाखाली आलं, 'सहा पाहुणे, एक रोप. पाहुणे गेल्यावर आम्ही ते सरळ केलं.' धावण्याच्या शर्यतीचा फोटो तर हुकलाच होता, नुसत्या मागे पडलेल्या मुली दिसत होत्या. त्याखाली पाचवीतल्या एकीने लिहिलं, 'जी जिंकली ती फोटोत नाही. ती पुढे निघून गेली.'

साहेब वाचून पोट धरून हसले. वही त्यांनी गडचिरोलीला नेली, वरच्यांना दाखवली, शाळेचं नाव झालं. मला वाटलं, चला, आता आपल्या बदलीच्या अर्जाला पाय फुटणार.

बदली मला राजुऱ्याला हवी होती. माझी मुलगी तिथे सासूबाईंजवळ राहते. नवरा कोळसा खाणीत पाळीवर जातो, त्याला हलता येत नाही. मी इकडे आले तेव्हा पोर भिंतीला धरून चालायची, आता तिसरीत आहे. आड शनिवारी शाळा सुटली की मी निघते, आलापल्लीला गाडी बदलते, खनिजाच्या ट्रकांमागे धूळ खात रात्री घरी पोचते आणि रविवारी जेवण झालं की परतीची गाडी धरते. एरवी आमची भेट फोनवर. शाळेच्या आवारात नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीजवळ येतं. तिथे उभी राहून मी तिला मुलांनी लिहिलेल्या ओळी वाचून दाखवायची. तिला तो खेळच झाला. मी एखादा फोटो सांगायचा आणि त्यात काय आलं नाही ते तिने सांगायचं.

अर्जासाठी साहेबांची शिफारस लागत होती, म्हणून मी त्यांच्या कार्यालयात गेले. त्यांनी चहा मागवला, घरची चौकशी केली आणि अगदी कौतुकाने म्हणाले, "मॅडम, तुम्हाला सोडलं तर ही वही कोण करणार?"

मी हसलेसुद्धा. बाहेर बसथांब्यावर आल्यावर मात्र मला रडू फुटलं. मी काम वाईट केलं असतं तर त्यांनी मला आनंदाने घालवलं असतं.

मग तेच करून पाहिलं. पुढच्या वर्षी सगळ्या ओळी मी स्वतःच लिहिल्या. मान्यवर, आस्वाद, मार्गदर्शन, सगळं जिथल्या तिथे. मुलं वहीभोवती जमली, वाचून एकमेकांकडे बघत राहिली आणि एकेक करून निघून गेली. मुख्याध्यापकांनी दोन पानं उलटली आणि वही परत माझ्यापुढे सरकवली. म्हणाले, "मॅडम, बरं नाई का तुमाले?" वही पुन्हा झाली, मुलांनी केली आणि आधीच्यापेक्षा सरस झाली. मला तिचा अभिमान वाटत होता आणि तिच्याकडे बघवतही नव्हतं. क्वार्टरच्या खोलीत कधीकधी इतकं घुसमटायला होतं की मी उगाचच दार उघडं टाकून बसते. बाहेर तरी काय, सागाची झाडं आणि तीच टाकी.

गेल्या खेपेला घरी गेले तेव्हा मुलीला शाळेतून 'माझे कुटुंब' अशी चिकटवही करायला सांगितली होती. माझी वाट न बघता तिने ती पुरी करून ठेवली होती. तिच्या वाढदिवसाचा फोटो होता. मागे भिंतीवरच्या दोन तसबिरींपुढे मेणबत्त्या लावलेल्या, पुढे मी तिला केक भरवते आहे, दोघी हसतो आहोत. खाली तिने वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'आईची बॅग दाराजवळ भरून ठेवली आहे.'

सासूबाई माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. त्या म्हणाल्या, "असं काऊन लिवलं वं? शाळेतली मॅडम काय म्हनन? 'माही आई मले लय आवडते' असं लिव." आणि त्यांनी खोडरबर पुढे केलं.

"आईच तं म्हनते, दिसते ते लिवाचं नाई," पोर म्हणाली आणि माझ्याकडे बघायला लागली.

एवढी नेमकी ओळ आमच्या वहीत आजवर कुणी लिहिली नव्हती. मी खोडरबर बाजूला ठेवलं आणि म्हटलं, "राहू दे. बरोबर लिहिलंय."

ती खूश झाली. म्हणाली, "मंग तुह्या साहेबाले दाखव ना."

तिच्यासमोरच मी त्या पानाचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी जेवण करून बॅग उचलली. दहा दिवस झाले, तो फोटो मोबाइलमध्ये तसाच आहे. साहेबांना तो दाखवायचं अजून धाडस होत नाही. त्यांना ती ओळ फार आवडेल, याचीच मला भीती वाटते.