तिसरा व्हिडिओ

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. शाळा चौथीपर्यंत, त्यातही निम्मे दिवस धाकट्या भावंडांना सांभाळण्यात गेले. चुकलं असेल ते सांभाळून घे. तुला ‘तू’च म्हणते. समोर एखादी मैत्रीण बसलीय असं धरल्याशिवाय माझा हात पुढे जात नाही. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. माझ्या मुलीला, ज्योतीलाही नाही. देवापुढे बसते तेव्हासुद्धा एवढं सोडून बाकीचं बोलते.

दुबईच्या बाजूला खोर फक्कान म्हणून गाव आहे, तिथे मी इनेस मॅडमकडे कामाला होते. त्यांचा मुलगा डिएगोसाहेब तिथल्या बंदरावर इंजिनीयर. त्यांनी म्हाताऱ्या आईला कोलंबियाहून आपल्याजवळ आणलं होतं. मॅडम तिकडच्या नटी — सिनेमातल्या, टीव्हीतल्या. एके काळी भाजी घ्यायला गेल्या तर बायका त्यांचा हात धरून रडायच्या. इथे कोण ओळखणार? लिफ्टमध्ये लोक कितवा मजला तेवढं विचारायचे.

पहिलं काम त्यांना मोलकरणीचं मिळालं होतं. कॉफीचा ट्रे आणायचा आणि एक वाक्य बोलायचं. पुढे नायिका झाल्या, मग खाष्ट सासू. मग अमेरिकेत गेल्या, तिथे पुन्हा मोलकरीणच. “आमच्यासारखं तोंड दिसलं की ते एप्रन काढून देतात,” म्हणायच्या. माझ्या हातात ट्रे दिसला की हसायच्या. “सुमन, कोपर खाली. मी जन्मभर ट्रे धरलाय, आणि पगार तुझ्यापेक्षा जास्त घेतलाय.” आमचं बोलणं म्हणजे त्यांचं तोडकं इंग्रजी, माझं त्याहून तोडकं, मध्ये अरबांचं यल्ला म्हणजे चल, आणि खलास म्हणजे संपलं.

सकाळची कामं आटपली की त्या जुने प्रसंग करायच्या. समोरच्याची वाक्यं त्यांनी मला त्यांच्या भाषेत पाठ करून दिली होती. आधी नुसती पोपटासारखी बोलायचे, मग हळूहळू अर्थ कळायला लागला. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. पण त्या स्वयंपाकघरात मी त्यांची मुलगी झाले, नवरा झाले, एकदा तर पोलीससुद्धा. इतका विश्वास माझ्यावर कोणी टाकला होता, सांग?

मग कोलंबियाहून निरोप आला. नवी मालिका, आईचं काम. एक प्रसंग करून व्हिडिओ पाठवा म्हणाले. मॅडम आनंदाने जेवल्याच नाहीत. टेबलावर साहेब म्हणाले, “मम्मा, तू गेलीस तर मी हे घर सोडतो. कंपनीच्या खोलीत राहीन. मग सुमनचा व्हिसा कॅन्सल. सॉरी, सुमन.”

“तिला चांगलं घर बघून दिल्याशिवाय मी विमानात चढणार नाही,” मॅडम म्हणाल्या.

त्या तसं करणार हे मला माहीत होतं. हे वाक्य वगळून लिहिता आलं असतं — पण मग लिहायचं कशाला?

प्रसंग असा होता. मुलगी कायमची परदेशी निघालीय आणि आई तिची वेणी घालतेय. राहा असं एकदाही म्हणत नाही. फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. मी मुलगी. तोंड फोनकडे, मागे मॅडम, त्यांचे हात माझ्या केसांत. पहिल्या वेळी त्या मधेच अडल्या, मलाच शब्द विचारला, स्वतःला शिवी घातली. दुसरा बरा झाला. तिसऱ्या वेळी — कसं सांगू? त्या रडल्या नाहीत. वेणी घातली, रिबिनीची गाठ मारली, आणि मग ती पुन्हा सोडली. पुन्हा घालायला घेतली. म्हणजे तेवढा वेळ तरी मुलगी बसेल. असं कुठे लिहिलेलं नव्हतं. मी ज्योतीला सोडून निघाले त्या सकाळी माझ्या हातांनीही हेच केलं होतं. मी मॅडमना ते कधी सांगितलं नव्हतं.

“तिसरा पाठव,” त्या म्हणाल्या आणि थकून आडव्या झाल्या. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचा फोन मीच चालवायचे.

मी पहिला पाठवला.

बोट चुकलं नाही. पहिला पाठवला आणि बाकीचे दोन पुसून टाकले. मग भांडी घासली.

उत्तर काही दिवसांनी आलं. साहेबांनी नाश्त्याला वाचून दाखवलं. गोड शब्दांत लिहिलं होतं की मॅडमनी आता आराम करावा. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. “तिसराच पाठवला होतास ना?”

“हो, मॅडम.”

“मग बरोबर आहे त्यांचं,” त्या म्हणाल्या. “त्याहून चांगलं मला येत नाही.”

त्यानंतर त्यांनी कधी प्रसंग केला नाही. मी एकदा मुद्दाम पोलिसाचं वाक्य म्हटलं. त्या खिडकीतून बंदराकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “भात लाव.” आणखी एक हिवाळा काढून त्या वारल्या. लोक भेटायला आले तेव्हा साहेबांनी टीव्हीवर त्यांचं पहिलं काम दाखवलं — ट्रे आणि ते एक वाक्य. मी सगळ्यांना कॉफी देत होते. कोपर खाली ठेवून. त्यांचं सगळ्यात चांगलं काम जगात मी एकटीने अनुभवलं होतं, आणि ते मीच पुसलं होतं.

मुलीसाठी केलं असं लिहिणार होते. नको. ज्योतीच्या नर्सिंगची फी मॅडमनीच भरली होती. आठ हजार दिरहम — आपले दोन लाखांच्या आसपास. पगारातून थोडे थोडे कापून घ्यायचं ठरलं होतं. त्या गेल्यावर साहेब म्हणाले, राहू दे. मी ऐकलं नाही. आता शारजात एका मराठी घरी आहे, तिथून दर महिन्याला पाठवत राहिले.

काल साहेब कामाला शारजात आले होते. खाली पार्किंगमध्ये जाऊन शेवटचे तीनशे त्यांच्या हातात दिले. वर्ष झालं तरी गाडीत मॅडमचा चष्मा तसाच ठेवलेला. “खलास, सुमन,” ते म्हणाले. “मम्माचं आता तुझ्याकडे काही राहिलं नाही.”

मी मान हलवली. ते गेले. पैसे पूर्ण फिटले.