गिरणीच्या भिंतीवरचे कागद

गोविंदा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी शेतात हळद शिजवून राहिलो होतो. गोविंदा माझा धाकटा भाऊ. शिरड शहापूरच्या रस्त्यानं येताना छातीत दुखलं म्हणून मोटारसायकल लावून झाडाखाली बसला, तो बसल्या जागीच गेला. मी तसाच निघालो. कढईखालचा जाळ ओढायचंही सुचलं नाही, सगळी हळद जास्त शिजून बसली. चाळीस वर्षांत माझी कढई कधी बिघडली नव्हती. आता दीड महिना झाला, पण मला एका जागी बसवत नाही...

आमच्या गावातून विज्ञान शिकून मोठ्या हुद्द्यावर गेलेला तो पहिला. बियाणांच्या प्रयोगशाळेत होता. मी चौथीतून शाळा सोडलेली, म्हणून त्याची बढाई मीच जास्त मारायचो. बाजारात बैलाचं बोलणं निघालं तरी मी ते गोविंदावर आणून सोडायचो. हिंगोली वेगळा जिल्हा झाला त्या सुमाराला तो पत्र्याची पेटी घेऊन दारात उभा राहिला.

"नोकरी सोडली, दादा."

"काहून? कोणी तकलीफ दिली का?"

"न्हाई. गोष्टी लिहायच्यात."

"मग रईवारी सुट्टीला लिही की. नोकरी कुठं आडवी येऊन राहिली?"

"दहा वर्षं रईवारीच लिहून पाहिलं. एक बी पुरी झाली न्हाई."

मला वाटलं, दोन महिन्यांत डोकं ताळ्यावर येईल. नाही आलं. आमच्याकडं गुरुवारी दुपारी वीज जायची ती ठरलेली. गिरणी बंद पडायची आणि बाया दळणाचे डबे घेऊन ताटकळत बसायच्या. गोविंदानं ती वेळ हेरली. दर गुरुवारी मोठ्या अक्षरांत लिहिलेली गोष्ट गिरणीच्या भिंतीवर चिकटवायचा आणि गिरणीवाला सोपान ती वाचून दाखवायचा. गोविंदा मागं पोत्यावर पेन्सिल घेऊन बसायचा. बाया जिथं आपसात बोलू लागायच्या तिथं हातातल्या नकलेवर खूण करायचा आणि घरी येऊन तेवढं खोडून टाकायचा. बियाणं कसं आहे ते ओल्या फडक्यात शंभर दाणे ठेवून, किती उगवले ते मोजून कळतं, तसंच हे, म्हणायचा. मला हे बायकोकडून कळायचं. मी ऐकायला कधी गेलो नाही. दळणही तिच्याच हाती द्यायचो.

माझ्या मीराचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिकेत काकाच्या नावाखाली मी 'शास्त्रज्ञ' छापून घेतलं. आमच्या भागात लोक नावाखालचा हुद्दा आधी वाचतात, नवरीचं नाव मागून.

"दादा, हे खोटं आहे," गोविंदा म्हणाला.

"मग पाहुण्यायला काय सांगू? भिंतीला कागद लावतो म्हणून?"

"व्हय, बराबर तसंच सांगा."

सकाळी पाहतो तर सगळ्या पत्रिकांवरचा तो शब्द त्यानं निळ्या शाईनं खोडलेला. लग्नाच्या पत्रिकेवर खाडाखोड म्हणजे अपशकुन. मी म्हणालो, मांडवात पाय ठेवू नको. त्यानं ठेवला नाही. अक्षता पडत होत्या आणि मीरा मान वळवून मागं पाहत होती... त्यानंतर एका घरात राहून आमचं बोलणं शेताच्या पाण्यापुरतं उरलं. तरी दोनदा तो म्हणाला, "दादा, एखाद्या गुरुवारी या की गिरणीत." दोन्ही वेळा मी म्हणालो, "मला कामं आहेत." कामं काही नव्हती. आधी त्यानं माफी मागावी, एवढंच होतं.

तेरावं झाल्यावर सोपान घरी आला. म्हणाला, "गोविंददादाचे सगळे कागद मी जपलेत. बाया ऐकायचं म्हणतात. वाचू का? तुमी घरचे मोठे." मी म्हणालो, "वाच." आणि त्या गुरुवारी मीच डबा उचलून गेलो. हरवलेल्या शेळीची गोष्ट होती. बाया हसल्या, मलाही हसू आवरलं नाही. मग इतकी चीड आली की भिंतीला टेकून उभा राहिलो. हे हसणं त्याला दिसायला पाहिजे होतं.

आता दर गुरुवारी जातो. त्याच्या पोत्यावर कोणी बसत नाही, मीही नाही. परवा एक म्हातारी म्हणाली, "काय हो बाप्पा, घरात खाणारे दोघं, अन् दळण हर हप्त्याला?"

"पाहुणे आलेत," मी म्हणालो, आणि वीज जायची वाट पाहत राहिलो.