दुसऱ्या प्रतीत फिबाचे नाव नव्हते

कॅरिबियन समुद्रातल्या नेव्हिस बेटावरून लंडनच्या मिशन मंडळाला जाणारे प्रत्येक पत्र दोनदा लिहावे लागे. जहाजे बुडत, कधी चाचे गाठत, कधी टपालाची पेटीच भिजून जाई. म्हणून एक प्रत मिळेल त्या जहाजाने आणि दुसरी त्याच्या पुढच्या जहाजाने पाठवायची, अशी रीत होती. पहिली प्रत पाद्री पॅस्को स्वतः लिहीत. दुसरी रोझेट लिबर्ड उतरवून काढी.

रोझेट चार्ल्सटाउनमध्ये शिवणकाम करी. तिचा बाप सुतार होता. त्याने तिला लहानपणीच मॉर्निंग हिल मळ्याकडून विकत घेऊन गुलामीतून मोकळे केले होते. तिच्या आईला, फिबाला, मात्र मळ्याने सोडले नाही. ती उसाच्या चरकाच्या कामात चांगली होती. बाप गेला, मुलगी गावात राहिली आणि आई डोंगराच्या उतारावर मळ्यात राहिली. रविवारच्या बाजाराला आई खाली यायची आणि दोघी चॅपलमध्ये एका बाकावर बसायच्या. प्रार्थनेनंतर फिबाचा वर्ग भरे, कारण फिबा वर्गप्रमुख होती. तिला वाचता येत नव्हते. पण वर्गातल्या प्रत्येकीला ती क्रमाने विचारी, "हा आठवडा तुझा जीव कसा होता?" आणि बाई खोटे बोलली की तिला कळे. त्या वर्गात रोझेटही बसे. आईसमोर दर आठवड्याला पापे सांगणे सोपे नव्हते. रोझेट बहुधा आळस आणि राग एवढ्यावरच भागवी.

त्या वर्षी सगळेच भ्यालेले होते. डेमेराराच्या वसाहतीत गुलामांनी बंड केले होते, त्याचा ठपका मिशनऱ्यांवर आला होता. शेजारच्या एका बेटावर गोऱ्यांच्या जमावाने चॅपल पाडले होते. चार्ल्सटाउनला अजून दगडच पडले होते, तेही चॅपलच्या छपरावर. पाद्री पॅस्को उंच, कोवळे, कॉर्नवॉलचे होते आणि उन्हात लाल होत. ते भ्याले की जास्त लिहीत.

एप्रिलमध्ये प्रीतिभोजन झाले. पाव आणि पाणी सगळ्यांत फिरले आणि एकेकाने उठून साक्ष दिली. फिबा उठली. चरकाच्या दिवसांत तिने आजारी सोबतिणीसाठी मोठ्याने प्रार्थना केली म्हणून कारभारी डनबारने तिला चाबकाने मारवले होते. ती हे सांगत होती तेव्हा रोझेटने पाव हातातच धरून ठेवला. मागच्या बाकावर कोण कोण बसले आहे, हे ती मान न वळवता मोजत होती.

पुढच्या मंगळवारी पाद्रींनी पत्राचा खर्डा तिच्या पुढ्यात ठेवला. "हे सुंदर उतरलंय, रोझेट. मंडळ नक्की छापेल. पहिली प्रत काल ब्रिस्टलच्या जहाजावर दिली मी."

रोझेटने वाचले. मंडळ अशा पत्रांचे उतारे दर महिन्याला छापी. ते छापील पत्रक बेटावर परत येई आणि मळेवाले ते चॅपलवाल्यांपेक्षा जास्त बारकाईने वाचत. पत्रात लिहिले होते: मॉर्निंग हिल मळ्यावरील फिबा. कारभारी डनबार. फटके. अश्रू ढाळत तिने आपल्याला छळणाऱ्याचे नाव घेऊन त्याच्यासाठी देवाकडे क्षमा मागितली, असेही होते.

"पाद्रीसाहेब, नाव... नाव ठेवायचं का?"

"नावाशिवाय लंडनला लोक विश्वास ठेवत नाहीत," ते म्हणाले आणि आजाऱ्याला भेटायला निघून गेले.

रोझेटने लेखणी शाईत बुडवली. 'मॉर्निंग हिल' आले तेव्हा तिने 'एका मळ्यावरील' असे लिहिले. 'फिबा' आले तेथे 'एक वृद्ध स्त्री'. डनबारच्या जागी 'कारभारी'. शेवटी कागदावर शाईचा ठिपका पडला, आणि तिला वाटले, हा ठिपकाच आपल्याला पकडून देणार. पाद्रींच्या अक्षराची तिने आजवर इमानाने नक्कल केली होती. आता ती त्यांच्या नावाने दुसरेच काही पाठवत होती. प्रत बंद झाली, लाख लागली, आणि आठवड्याने दुसऱ्या जहाजाबरोबर गेली.

आता समुद्रावर दोन पत्रे होती. एकात आई होती, एकात नव्हती. जे आधी पोहोचेल ते छापले जाणार.

रविवारी फिबाने नेहमीसारखे विचारले. "रोझेट, तुझा जीव कसा होता?"

"बरा होता."

फिबाने पुढचीकडे पाहिले नाही. ती थांबली. वर्गातल्या बायकांनी आपापल्या मांडीवरच्या टोपल्या उगीच सरकवल्या.

"बाहेर सांगते, माय," रोझेट म्हणाली.

चिंचेखाली तिने सांगितले. फिबाने खारवलेल्या माशाचा तुकडा कसाव्याच्या भाकरीवर ठेवला आणि म्हणाली, "त्यानं काय लिहिलंय ते म्हणून दाखव आधी."

रोझेटला पाठच होते. तिने म्हटले.

"मी रडले नव्हते," फिबा म्हणाली.

"माय, ते महत्त्वाचं नाही आत्ता..."

"मला आहे. आणि क्षमाबिमा मी मागितली नव्हती. मी म्हटलं, देवा, हे बघून ठेव. एवढंच म्हटलं. पोरगा चांगला आहे, पण त्याला गोड खायची सवय आहे." तिने भाकरी मोडली. "खोटं ठेवलंस आणि नाव तेवढं पुसलंस. उलटं करायचं होतं."

"तुला विकून टाकतील."

"ती भीती मला ठाऊक आहे. तू मला ती शिकवू नकोस, बाई."

रोझेट रडली. आईने तिला रडू दिले, पण आपला शब्द मागे घेतला नाही.

पावसाळा गेला. बंदरात जहाज दिसले की रोझेटच्या हातातली सुई थांबे. गिऱ्हाईक म्हणे, "कोणाची वाट बघतेस? नवरा यायचाय का?" आणि ती हसून दाखवी. दोन्ही पत्रांबद्दल ती रोज प्रार्थना करी: पहिले बुडू दे. मग तिला आठवे की जहाजावर माणसे असतात, आणि ती प्रार्थना मागे घेई. पाद्रींना ती काही बोलली नाही. ते तिला नेहमीसारखेच नमस्कार करीत, आणि तेच तिला सर्वांत जास्त भीतीचे वाटे.

नोव्हेंबरात पत्रक आले. पाद्रींनी ते उघडले, भुवया उंचावल्या. "त्यांनी नावं गाळलेली दिसतात," ते नुसते एवढेच म्हणाले. दुसरी प्रत आधी पोहोचली होती.

त्या दिवशी रोझेटने कितीतरी महिन्यांनी मक्याच्या पिठाची फंजी पोटभर खाल्ली.

बुधवारी बाजारात बातमी आली. पत्रक कोर्टाच्या आवारात हातोहात फिरले होते आणि प्रत्येक मळ्याच्या कारभाऱ्याने ते आपल्यावरच घेतले होते. बेटावर असा एकही मळा नव्हता जिथे त्या हंगामात एखाद्या म्हातारीला मारले नव्हते. जो वाचे त्याला वाटे, ही आपलीच. मग प्रत्येक जण आपल्याकडच्या चॅपलला जाणाऱ्या म्हाताऱ्यांना बोलावून विचारू लागला. हॅरिगन नावाच्या कारभाऱ्याच्या मळ्यावर म्हाताऱ्या कुब्बाचे पाय लाकडी खोड्यात अडकवले होते. ती फिबाच्याच वर्गातली होती. तिने तोंड उघडले नव्हते, कारण तिच्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते.

रविवारी फिबा बाजारात टोपली घेऊन आली, पण टोपली रोझेटच्या दारात ठेवून परत निघाली.

"कुठे चाललीस?"

"हॅरिगनकडे."

"माय, नको. मी पाद्रीसाहेबांना सांगते, ते न्यायाधीशाकडे जातील, अर्ज करतील."

"कुब्बाचे पाय तोवर कुठे ठेवू?"

रोझेट तिच्यामागे निघाली. चढावर आई पुढे आणि ती मागे, दोन्ही बाजूंना ऊस. कुठल्याही वळणावर घोडा समोर येईल म्हणून तिचे कान सतत टापांकडे लागले होते. आईच्या मोडलेल्या चालीकडे बघताना तिला एकच कळत होते की ही आता थांबणार नाही. हॅरिगन ओट्यावर जेवत होता. फिबा पायरीच्या खाली थांबली.

"साहेब, त्या कागदातली म्हातारी मी आहे. मॉर्निंग हिलची फिबा. कुब्बानं काही सांगितलेलं नाही."

हॅरिगनने काटा खाली ठेवला. त्याने तिच्याकडे पाहिले, मग रोझेटकडे, आणि त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला. तो हसायला लागला. "डनबार," तो म्हणाला. "अरे, डनबार आहे होय तो. सोडा त्या म्हातारीला. मी आत्ताच गावात जाऊन सगळ्यांना सांगतो." त्याचा जीव भांड्यात पडला होता.

संध्याकाळच्या आत डनबारला कळले. फिबाला चरकघरासमोर उभे केले. रोझेट फाटकाशी होती. मोकळ्या बाईला आत येण्याची परवानगी नव्हती, पण हाकलायलाही कोणी आले नाही. डनबारच्या हातात चाबूक होता. गावात सगळे त्याच्यावर हसत होते आणि ब्रिस्टलला राहणारा मळ्याचा मालकही ते पत्रक वाचणार होता.

"हेही लिहून जाणार का लंडनला?" त्याने विचारले.

"मला लिहिता येत नाही, साहेब," फिबा म्हणाली. "माझ्या मुलीला येतं."

डनबारने फाटकाकडे पाहिले. रोझेटला पळून जावेसे वाटले. तिने फाटकाची फळी धरली, कारण धरली नसती तर ती खरंच पळाली असती. मग त्याने चाबूक दुसऱ्या हातात घेतला आणि म्हणाला, "वरच्या रानात. खणणाऱ्या टोळीत. आणि चॅपल बंद. रविवारीसुद्धा खाली दिसली तर बघ."

त्याने मारले नाही. पण म्हाताऱ्या हाडांना वरच्या रानातले कुदळीचे काम चाबकापेक्षा फार कमी नव्हते.

त्यानंतर रोझेट दर रविवारी चॅपल सुटल्यावर मळ्याच्या वरच्या कुंपणाशी जाई. आई कुंपणाच्या आत, मुलगी बाहेर. वर्ग आता रोझेट घेई. तो प्रश्न ती आईच्याच शब्दांत विचारी. एव्हाना तिने पाद्रींना खरे सांगितले होते. ते लाल झाले आणि म्हणाले, "पुढचं पत्र तू उतरवण्याआधी मला सांग, मी काय चुकलो."

"मी नाही सांगायचं, पाद्रीसाहेब. ज्यांचं आहे ते सांगतील."

मग ती रीत पडली. पाद्री बदलले, दुसरे आले, तेही गेले. पण पत्रात ज्याचे नाव असेल त्याच्या अंगणात जाऊन रोझेट ते आधी वाचून दाखवी. काही म्हणत, "काढ बाई, माझ्या पोरांसाठी काढ," आणि ती काढी. काही म्हणत, "असं नव्हतं झालं," आणि ती तसे लिही. नावे ठेवणारेही निघत. ठेवलेल्या प्रत्येक नावानंतर तिला पुढचे जहाज परत येईपर्यंत झोप लागत नसे. ती सवय तिला म्हातारपणीही गेली नाही.

पहिले वाचन मात्र कुंपणाशीच झाले. त्यात फिबाचे वरच्या रानात जाणे होते. रोझेटने हलक्या आवाजात वाचले, मधूनमधून मागे वळून पाहत. आई कुदळीवर रेलून ऐकत होती.

"रडण्याचं नाही ना त्यात?"

"नाही."

"मग ठेव," फिबा म्हणाली. "आणि आता जा. मुकादम येतोय."