पोत्यातले पाइपचे तुकडे

वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी पन्हाळ्याच्या पायथ्याला, आमच्या घरामागच्या परड्यात, एक बंद लोखंडी पिंप बसवलं. त्यात प्लॅस्टिक भरायचं, खाली जाळ घालायचा आणि वाफ पाण्यातल्या नळीतून न्यायची, की दुसऱ्या टोकाला पिवळट तेल ठिबकायचं. त्यावर त्यांनी पाणी उपसायचं जुनं इंजिन चालवून दाखवलं तेव्हा गल्ली गोळा झाली होती. गडावर येणारे लोक टाकून जातात त्या सगळ्या कचऱ्याचं तेल करायचं, असं ते भेटेल त्याला सांगत.

कचरा निवडायला गावातली साठीची एक बाई यायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. दुधाच्या पिशव्या, बाटल्यांची टोपणं ती धुऊन वाळवायची आणि वेगळी करायची. पाण्याचे पांढरे पाइप मात्र घ्यायचे नाहीत, असं वडिलांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ते तापले की ॲसिडासारखी वाफ निघते.

मी तेव्हा घरून जाऊन-येऊन शहरात नोकरी करत होतो आणि माझ्यासाठी मुली बघणं चालू होतं. एकदा मलकापूरकडचे पाहुणे आले. मुलीच्या मामानं परड्यातली पोती बघून नाकाला रुमाल लावला. चहा तसाच ठेवून ते उठले. चार दिवसांनी निरोप आला, "पोरगं बरं हाय, पण घर कचऱ्याचं हाय."

"त्यास्नी काय कळतंय?" म्हणून वडील हसले. मला ते हसणं सहन झालं नाही.

पुढच्या महिन्यात पंचायतीची माणसं आणि तालुक्याचे एक साहेब प्रयोग बघायला येणार होते. आदल्या संध्याकाळी मावशीनं माझ्यासमोर पोतं बांधलं आणि ती घरी गेली. मी ते सोडलं. न्हाणीच्या कामातून उरलेले पाइपचे तुकडे आत खोलवर कोंबले आणि तशीच गाठ मारली. प्रयोग फसावा, एवढंच मला हवं होतं.

तो फसला. झाकणाच्या फटीतून उग्र वाफ सुटली. साहेब खोकत रस्त्यावर पळाले. सरपंचांचे डोळे लालबुंद झाले.

"आण्णा, मारतासा काय आमास्नी?" कुणीतरी ओरडलं आणि लोक हसले.

वडिलांनी जाळ ओढला आणि रिकामं पोतं झाडलं. एक पांढरा तुकडा खाली पडला.

"डोळं हाईत का खोबणी हाईत तुला?" ते सगळ्यांसमोर मावशीवर धावून गेले.

"आण्णा, द्येवाशपथ, मी न्हाय घातला त्यो." मग ती माझ्याकडं वळली. "तुमच्यासमोर बांधलं की काल पोतं. सांगा की."

"मी काय बघितलं न्हाय," मी म्हणालो.

वडिलांनी तिचं जेवणाचं गठुळं रस्त्यावर भिरकावलं. भाकरी मातीत पडली. तिनं ती उचलली, झाडली, पदरात बांधली आणि गेली.

मग वडील स्वतः निवडायला बसू लागले, पण त्यांना जमेना. महिनाभरात पिंप भंगारात गेलं. माझं लग्न झालं. वर्षभरानं मी त्यांना खरं सांगितलं. कानशिलात बसेल अशी तयारी ठेवून गेलो होतो.

"सुनंला ठावं हाय?" त्यांनी विचारलं.

"न्हाय."

"मग ऱ्हाऊ दे."

"मावशीला तरी सांगू."

"लेकानं बापाला फसवलं म्हणून गावभर करतोस व्हय? गप बस."

गेल्या हिवाळ्यात शहराजवळच्या एका कारखान्यात, प्लॅस्टिकचंच तेल काढतात तिथं, निवडायला बायका हव्या होत्या. मावशीनं काम मागितलं आणि आधी आमच्याकडं होते म्हणून सांगितलं. तिथला मुकादम चौकशीला घरी आला. मी त्याला पाणी दिलं.

"बसा पावणं," वडील म्हणाले.

"बाई कशी हाय कामाला?"

वडिलांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघितलं.

"नजर चुकतीया तिची," ते शांतपणे म्हणाले. "दुसरी बघा."

मुकादमानं मान हलवली आणि गाडीला किक मारली. तिला काम मिळालं नाही. तो फाटकापर्यंत जाईतो मला बोलता आलं असतं. मी ग्लास उचलून आत गेलो.