मागच्या हॉलचा नकाशा

काशीदला आमची खानावळ होती. पुढे घर, मागे हॉल. तो हॉल ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, गवंड्याच्या बरोबरीने राबून उभा केला होता. गिऱ्हाईक यायचं, बिअर मिळते का विचारायचं आणि नाही म्हटलं की उठून जायचं. चोरून विकायला हे धजेनात. म्हणून परमिट रूमचा परवाना काढायचं ठरलं.

अलिबागला उत्पादन शुल्कच्या कचेरीत हॉलचा नकाशा जोडून अर्ज दिला. तिथले साहेब भले होते. जागा बघायला आले, शाळा-देवळापासूनचं अंतर मोजलं. म्हणाले, "बाकी ठीक आहे. बांधकाम परवानगी तेवढी जोडा."

आम्ही घरपट्टीच्या पावत्या पुढे केल्या.

"ताई, घरपट्टी भरली म्हणजे परवानगी मिळाली असं नसतं. ती नगररचना खात्यातून आणा."

त्या खात्यातल्या बाईंनी नकाशा उलगडून त्यावर पट्टी ठेवली. "घर मंजूर आहे, तेही फक्त राहण्यासाठी. हॉल मंजूरच नाही. समुद्राच्या इतक्या जवळ आता होणारही नाही."

हे ताडकन उठले. "मग अर्ज फाडून टाका. आम्हाला दारू विकायचीच नाही!"

"अर्ज मागे घ्या," बाई हळूच म्हणाल्या, "पण हॉल आता कागदावर आला. न पाहिल्यासारखं कसं करू?"

हॉल पाडायची नोटीस आली. हॉल वाचावा म्हणून हे रोज सकाळी पिशवीत कागद घालून निघायचे. एक खातं म्हणे, आधी परवानगी आणा. दुसरं म्हणे, दारूच्या परवान्याशी आमचा संबंध नाही. घरी आले की पानावरून तसेच उठायचे. एकदा मी बोलून गेले, "तुमच्या खरेपणानेच घात केला. चोरून विकणाऱ्यांचं काय वाकडं झालं?" त्या बोलण्याची मला अजून लाज वाटते.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी त्यांनीच शिडी लावली. "दुसऱ्या कुणाचा हात लागायला नको." मी खालून एकेक पत्रा घेत होते. चौथ्या की पाचव्या पत्र्यापाशी ते वरच बसले आणि हुंदके देऊन रडायला लागले. एवढ्या वर्षांत त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं. मला शिडीची भीती वाटते, तरी चढले.

आता ते न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात फाटक सांभाळतात, पंधरवड्याने घरी येतात. मी ओटीवर चार पानं वाढते. आले तरी मागच्या दाराने ते बाहेर पडत नाहीत.