भावाच्या किचनमधलं शून्य

अंबरनाथला मी कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढतो. एकदा पालेगावचे एक काका आले. त्यांना स्वतःचं आणि शेजारच्या भावाचं घर एकाच नकाशात हवं होतं. सगळी मापं जिथून सुरू होतात, तो शून्याचा बिंदू स्क्रीनवर नेमका त्यांच्या देवघरात होता.

"शून्य माझ्या घरात नको. भावाच्या किचनमध्ये टाका."

मी टाकलं. त्यांच्या घराचे आकडे वजा झाले. काका चष्मा पुसत ताडकन उठले. "माझं घर मायनसमध्ये?"

"घर जागेवरच आहे काका, फक्त आकडे बदलले."

ऐकेनात. शेवटी शून्य बाहेर गटारावर नेलं. दोन्ही घरं प्लसमध्ये आली.

"भावाचं तेवढं मायनस करा ना," ते हळूच म्हणाले.

मी माउस हलवताच त्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू द्या. आई त्याच्याकडे असते."